राहत्या गडाचे जतन : तेरुएलची गावे आणि आपला पन्हाळा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा पन्हाळा आहे, याचा अभिमान प्रत्येक कोल्हापूरकराला आहे. मात्र गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या सुमारे तीन हजार रहिवाशांच्या मनात या अभिमानाबरोबरच धास्तीही आहे. पडलेली भिंत पुन्हा उभारता येईल का, मुलासाठी वरची खोली काढता येईल का, उद्या आपल्यालाच गडाखाली जायला सांगतील का, हे त्यांचे प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरे अभिनंदनाच्या फलकांवर मिळणार नाहीत. स्पेनमधील तेरुएल या प्रांतातील काही जुनी गावे पाहण्याचा योग मला अलीकडे आला. मी स्थापत्य अभियंता म्हणून नोकरी केली असल्याने तेथे माझे लक्ष देखाव्यापेक्षा भिंतींकडे आणि त्या भिंतींआड राहणाऱ्या माणसांकडे अधिक गेले. त्यातून जे दिसले ते पन्हाळ्याच्या संदर्भात आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

तेरुएल हा आरागॉन विभागाच्या दक्षिणेकडचा, उंचावरचा, कोरडा आणि हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीचा प्रांत आहे. याच प्रांतातील कालामोचा येथे १९६३ च्या डिसेंबरात उणे ३० अंश तापमान नोंदले गेले होते. प्रांताचे क्षेत्रफळ कोल्हापूर जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट, परंतु लोकसंख्या जेमतेम सव्वा लाखाच्या वर. शंभर वर्षांपूर्वी तेथे अडीच लाख लोक राहत होते. शेतीवर पोट भरेना म्हणून तरुण माणसे बार्सिलोना, वालेन्सिया, सारागोसा या शहरांकडे निघून गेली आणि दगडी गावे ओस पडत गेली. माद्रिदहून तेरुएलला आजही थेट रेल्वे नाही. 'तेरुएलही अस्तित्वात आहे' अशा अर्थाच्या घोषणेखाली १९९९ मध्ये तेथील नागरिकांनी चळवळ सुरू केली आणि २०१९ च्या निवडणुकीत त्या चळवळीने संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एक जागाही मिळवली. ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की, तेथे गावांचे जतन हा केवळ हौसेचा विषय राहिलेला नाही. गावात माणूस टिकावा म्हणून ते चालले आहे.

या गावांपैकी आल्बारासीन हे पन्हाळ्याशी सर्वांत जवळचे नाते सांगणारे. ग्वादालाविआर नदीच्या वळणाने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खडकावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११७० मीटर उंचीवर ते वसले आहे आणि मागच्या डोंगरावर चढत जाणारी त्याची तटबंदी दुरूनच नजरेत भरते. अकराव्या शतकात हे एका छोट्या मुस्लिम राज्याच्या राजधानीचे ठिकाण होते, पुढे ते ख्रिस्ती सरदारांकडे आणि नंतर आरागॉनच्या राजांकडे गेले. आज तेथे साधारण एक हजार लोक राहतात, म्हणजे पन्हाळ्याच्या एक तृतीयांश. गल्ल्या इतक्या अरुंद की वरच्या मजल्यांचे पुढे आलेले सज्जे आणि पागोळ्या समोरासमोर जवळजवळ टेकतात. लाकडी चौकट, तिच्यामध्ये भरलेला दगडमातीचा भराव आणि त्यावर तांबूस रंगाचा गिलावा, अशी तेथील घरांची रचना आहे. हा रंग वरून फासलेला नाही. परिसरातील जिप्समच्या दगडातच लोहाचा अंश असल्याने तो भाजून केलेला गिलावा मुळातच तांबूस येतो, आणि सगळे गाव एका रंगाचे दिसते ते त्यामुळे.

या गावाला १९६१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तो दर्जा एखाद्या चर्चला किंवा बुरुजाला नव्हे, तर घरे, गल्ल्या आणि तट यांसह संपूर्ण गावाला होता. मला महत्त्वाचे वाटते ते त्यानंतरचे काम. तेथे आधी स्थानिक तरुणांना बांधकाम, सुतारकाम आणि जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचे शिक्षण देणारी कार्यशाळा सुरू झाली आणि १९९६ मध्ये सांता मारिया प्रतिष्ठान ही संस्था उभी राहिली. तिने पडझड झालेल्या वास्तू एकेक करून दुरुस्त केल्या आणि प्रत्येकीला उपयोगही दिला. सांता मारिया चर्चमध्ये आता संगीत सभा होतात, पांढऱ्या बुरुजात प्रदर्शने भरतात, बिशपच्या जुन्या वाड्यात परिषदा आणि अभ्यासवर्ग चालतात, तर एका अतिशय वाकड्या, जीर्ण घरात चित्रकारांची राहण्याची सोय आहे. कॅथेड्रल पाहायचे तर याच प्रतिष्ठानच्या मार्गदर्शकासोबत जावे लागते. वास्तू वापरात राहिली की छप्पर गळू लागल्याचे पहिल्याच पावसात कळते. कुलूप लावलेल्या इमारतीत ते तुळई कुजल्यावर कळते. माझ्या नोकरीच्या काळात सरकारी वास्तूंबाबत मी हे पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

आल्बारासीनखेरीज मिरांबेल, कांताविएहा, पुएर्तोमिंगाल्वो आणि ईशान्येकडचे वाल्देरोब्रेस ही गावेही पाहण्यासारखी आहेत. मिरांबेलच्या वेशीवरील मठाच्या खिडक्यांना असलेली जाळी फार सुरेख आहे, आणि जतनाच्या कामासाठी या छोट्या गावाचा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच युरोपीय पातळीवर गौरव झाला होता. वाल्देरोब्रेसला दगडी पूल, वेस, नगरपालिकेची सोळाव्या शतकातील इमारत आणि वर चर्चला लागून किल्ला अशी चढती रांग एका नजरेत दिसते. ही सारी गावे 'स्पेनमधील सर्वांत सुंदर गावे' या २०११ मध्ये सुरू झालेल्या संघटनेची सदस्य आहेत. तिच्या नियमाप्रमाणे गावाची लोकसंख्या १५ हजारांच्या आत असावी लागते, गावाची पाहणी होते आणि दर्जा घसरल्यास सदस्यत्व जाऊ शकते.

आपल्यापैकी कोणाला तेथे जायचे असेल तर वालेन्सियाहून रस्त्याने तेरुएल गाठणे सोपे पडते. खुद्द तेरुएल शहरातील मुदेहार शैलीचे, म्हणजे ख्रिस्ती राजवटीत मुस्लिम बांधकामपरंपरेतून घडलेले, विटांचे आणि रंगीत फरश्यांचे मनोरे १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, ते चुकवू नयेत. पुढे गावांकडे जाणाऱ्या बस फार कमी आहेत, त्यामुळे मोटार घ्यावी लागते आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना येथूनच काढून न्यावा. दुपारी दोननंतर दुकाने आणि वास्तू काही तास बंद असतात. गावात मुक्काम करावा, कारण पर्यटक परत गेल्यावरच तेथील माणसे चौकात निवांत बसलेली भेटतात.

तेथे सगळेच आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. सुट्टीच्या दिवशी आल्बारासीनच्या चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि एरवी अनेक घरांची दारे बंद दिसतात, कारण ती शहरात राहणाऱ्यांची सुट्टीतली घरे झाली आहेत. पन्हाळ्यावर हॉटेले आणि बंगले यांची संख्या पाहता हा धोका आपल्यालाही आहे. शिवाय त्यांचा गिलावा आपल्या उपयोगाचा नाही. कोरड्या हवेतील जिप्सम पन्हाळ्याच्या पावसात टिकणार नाही. आपल्याला जांभ्याचा चिरा, काळा दगड आणि चुना यांचेच ज्ञान पुन्हा जागवावे लागेल.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगीचे बंधन, ही तरतूद २०१० पासून अधिक कडक झाली आहे. पन्हाळ्यालाच नव्हे, तर शिरोळ तालुक्यातील खिद्रापूरलाही कोपेश्वर मंदिरामुळे ती लागू आहे. स्मारकाच्या रक्षणासाठी ती आवश्यक आहे, हे मी मनापासून मानतो. परंतु या अंतराच्या आत राहणाऱ्या कुटुंबाने आपले कौलारू घर कसे दुरुस्त करावे, चुना कोठून आणावा, गवंडी कोणता बोलवावा आणि वाढीव खर्च कोणी सोसावा, हे सांगणारी यंत्रणा गावात नाही. नकार देणारे कार्यालय आहे, मदत करणारे नाही. मग लोक कंटाळून परवानगीशिवाय सिमेंटचा गिलावा करतात, जुन्या भिंतीतील ओल आत कोंडली जाते आणि घरही जाते, वारसाही जातो.

म्हणून जिल्हा प्रशासन, पुरातत्त्व विभाग आणि पन्हाळा नगरपरिषद यांच्याकडे आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे की, वारसा यादीच्या निमित्ताने येणाऱ्या निधीचा पहिला वाटा वाहनतळ, कमानी आणि रोषणाईवर खर्च करू नये. गडावरील एखाद्या पडीक सरकारी इमारतीत चुना आणि दगडकामाची शाळा सुरू करावी, तिच्यात गडावरच्या आणि पायथ्याच्या वाड्यांवरच्या मुला-मुलींना विद्यावेतन देऊन शिकवावे, आणि त्यांच्याच हातून रहिवाशांच्या जुन्या घरांची दुरुस्ती अनुदानातून करून द्यावी. कोल्हापुरात अभियांत्रिकी आणि वास्तुकला महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांनी गडावरील प्रत्येक जुन्या घराचे मोजमाप आणि नकाशे तयार केले, तर परवानगीसाठी हेलपाटे घालणाऱ्या कुटुंबाच्या हातात निदान एक अधिकृत कागद राहील. दुरुस्तीचे नियम मराठीत, चित्रांसह छापून घरोघरी द्यावेत आणि परवानगीच्या अर्जाचा निर्णय करण्यासाठी अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवशी गडावर येऊन बसावे. पन्हाळ्यावर हे जमले, तर पुढचे पाऊल खिद्रापूरला टाकता येईल. तेथे दर काही वर्षांनी कृष्णेच्या महापुराचे पाणी घरांत शिरते, त्यामुळे दुरुस्तीची गरज तेथे अधिकच निकडीची आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर