'आईंसाठी' लिहिलेला एक कागद

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघड पत्र. श्रवणयंत्राच्या बॅटरीसाठी तुम्हाला रोज कितीतरी फोन येत असतील, पण 'सहाही स्टिकर एकदम सोलून ठेवणाऱ्या आजी' म्हटलं की आठवेल.

आईच्या यंत्राची बॅटरी फार लवकर उतरायची, म्हणून तुम्हाला फोन करण्याआधी दीड महिना मी एका मोठ्या कंपनीच्या मागे लागले होते. तीच ती धून, 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', आणि शेवटी एकच सल्ला: नवं पाकीट घ्या. घेतली की तीन पाकिटं! (भोळेपणा माझाच.) आई तर 'आता ऐकून करायचंय काय' म्हणत यंत्र डबीतच ठेवायला लागली होती.

तुम्ही पहिल्याच फटक्यात विचारलंत, "आई स्टिकर कधी काढतात?" मला कुठे माहीत होतं! आईला विचारलं, तर बोटं थरथरतात, घाईत ते निघत नाही, म्हणून पाकीट आलं की सगळे काढून ठेवते म्हणाली. तुम्ही हसला नाहीत. एवढंच सांगितलंत: ही झिंक-एअर बॅटरी, म्हणजे हवेवर चालणारी, स्टिकरखालच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरली की वापरा न वापरा, उतरत जाते. परत चिकटवून फारसा उपयोग नाही. एका वेळी एकच काढा, पाच मिनिटं थांबा, मग बसवा. वर म्हणालात, "आमच्याकडून आत्ता मागवू नका, घरातलं न उघडलेलं पाकीट आधी वापरा."

विकणारा माणूस 'घेऊ नका' म्हणतो, हे मला नवीन होतं.

पण पत्र लिहायला बसवलं ते पुढच्या पाकिटासोबत आलेल्या कागदानं. ठळक, मोठ्या अक्षरांत चार ओळी, 312 नंबरच्या (हा बॅटरीचा आकार) बॅटरीचा तपकिरी स्टिकर कुठल्या टोकाला धरून सोलायचा त्याचं पेननं काढलेलं चित्र, आणि वर 'आईंसाठी'. माझ्यासाठी नव्हे. इतके दिवस जो तो तिच्याबद्दल माझ्याशी बोलत होता, ती शेजारी बसलेली असताना. आईनं चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

मोठ्या कंपनीच्या पाकिटावरही हीच सूचना होती म्हणे. नंतर भिंग घेऊन शोधली, तेव्हा सापडली.

तुमची जाहिरात मी कुठे पाहिलेली नाही. पण परवा कानाच्या तपासणीला गेलो, तर शेजारच्या बाईंना तुमच्या बॅटरीचं नाव माझ्याआधी आईनंच सांगितलं. तिच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे सगळ्या खोलीला.

तुमची,
त्या आजींची मुलगी