संस्था चालू ठेवूनच अर्ज भर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

महापालिकेची निवडणूक लढवायची तर संस्थेचं काम थांबवायचं का, असं विचारलंस. थांबवू नकोस. राज्यातल्या पालिकांत २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत खऱ्या, पण कुठला प्रभाग राखीव हे सोडत ठरवते. आज तुझा प्रभाग महिलांसाठी, पुढच्या वेळी कुणासाठी, कोण सांगणार? मृणालताई गोरे १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेत गेल्या, १९७७ मध्ये लोकसभेत. पण ‘पाणीवाली बाई’ हे नाव पदाने नाही, पाण्याच्या लढ्याने दिलं.

निवडून आलीस की नळ-गटाराची तक्रार घेऊन आलेले आणि मार खाऊन आलेली बाई एकाच बाकावर बसतील. हे होऊ देऊ नकोस. तिच्यासाठी वेगळी वेळ ठेव, वेगळी खोली असली तर उत्तम. दारावरचा कार्यकर्ता बहुधा तिच्या नवऱ्याच्याच मंडळातला असतो. तिचं नाव, फोटो, काही म्हणजे काही व्हॉट्सअॅपवर जाता कामा नये.

‘ताई, त्याला बोलावून दम द्या’ असं सगळेच म्हणतील. नगरसेवकाच्या कार्यालयातली तडजोड झटपट होते, म्हणूनच ती वाईट. कागदावर काही उरत नाही, बाई त्याच रात्री त्याच घरात जाते, आणि पुढच्या खेपेला तिलाच ऐकावं लागतं, ‘आधी तक्रार का नाही केली?’ जखम असेल तर आधी पालिकेचं रुग्णालय, आणि केसपेपरवर एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद. मग २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटनेचा अहवाल आणि त्याच कायद्याच्या कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असा कायद्याचा रोख आहे. प्रत्यक्षात फार लांबतं. म्हणून कलम २३ चा अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश पहिल्याच दिवशी मागायचा. घर तिच्या नावावर नसलं तरी राहण्याचा हक्क कलम १७ देतं, पण ती तिथे राहत होती हे दाखवावं लागतं. रेशनकार्ड, मुलांचा बोनाफाइड, गॅसचं पुस्तक: नवरा सगळ्यात आधी हेच लपवतो. त्यांचे फोटो आधीच काढून ठेवायला सांग. वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही. आणि पोलिसांच्या आवारातला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष विसरू नकोस. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या या कामात समुपदेशनाला प्रशिक्षित समाजकार्यकर्ती असते. तिचं काम आपण करायला जाऊ नये.

तक्रारींच्या नोंदवहीत गल्ली लिहीत जा, नाव नको. वर्षभरात दिसतं की छेडछाडीच्या तक्रारी एकाच शौचालयाच्या वाटेवरच्या आहेत. मुंबईत पालिका आयुक्त अर्थसंकल्पाचा अंदाज ५ फेब्रुवारीपर्यंत स्थायी समितीपुढे ठेवतात, तेव्हा मागणी दिवाळीच्या आसपासच विभाग कार्यालयात गेली पाहिजे, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून उठायचं नाही. नुसतं ‘महिला शौचालय’ मागितलंस तर बांधकाम होईल आणि रात्री कुलूप लागेल. पाणी, दिवा, आतली कडी, पॅडसाठी डबा, देखभालीचा खर्च आणि किल्ली कुणाकडे, हे सगळं पत्रातच लिही. पाहणी रात्री नऊनंतर कर, बायकांना सोबत घेऊन.

पैशाचं मात्र अर्ज भरण्याआधीच निस्तर. संस्थेचं पालिकेशी कंत्राट असेल आणि त्यात तुझा हितसंबंध निघाला, तर नगरसेवकपद जाऊ शकतं. परदेशी देणगी उमेदवाराला घेता येत नाही. संस्थेला ती येत असेल तर विश्वस्त म्हणून राहायचं की नाही, हे सीए आणि वकील दोघांकडून लेखी घे. प्रचाराचं बँक खातं वेगळं काढ. खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांत द्यावा लागतो, हरलीस तरी. पावत्या रोजच्या रोज चिकटवायला कुणीतरी पक्कं माणूस बघ. तुझ्या बाबांना सांगू नकोस, ते पावत्या खिशातच विसरतात.

तुझी,
आई