कनेक्शन किती दिली? नव्हे, किती महिने टिकली?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावात फायबर इंटरनेट आणणाऱ्या तरुणांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात, याचा आनंद आहे. पण त्यांत आकडा एकच असतो, इतकी कनेक्शन दिली. मासिक वर्गणीचा धंदा त्या आकड्यावर तरत नाही. एक गिऱ्हाईक जोडायला किती लागले आणि सोडून जाईपर्यंत त्याच्याकडून हातात किती उरले, हे दोन आकडे शेजारी मांडावे लागतात. आपल्या भागात ही मांडणी फार थोडे जण करतात, आणि कर्ज मात्र सगळेच काढतात.

समजा प्लॅन 400 रुपयांचा आहे. 18 टक्के जीएसटी धरून गिऱ्हाईक 472 देतो. 72 सरकारचे. ज्या परवानाधारक इंटरनेट कंपनीचे नेट पुरवतो तिच्याशी निम्म्याचा करार असेल तर 200 तिचे. उरलेल्या 200 मधून वसुली, दुरुस्ती आणि बॅटरी बॅकअपचे 80 गेले की हातात 120. दर महिन्याला शंभरातली चार घरे सोडत असतील तर 100 भागिले 4, म्हणजे सरासरी घर 25 महिने टिकते. 120 गुणिले 25, झाले 3,000 रुपये. पुष्कळ जण इथे 472 ला 25 ने गुणतात, 11,800 आले म्हणतात आणि खूश होतात. त्यातले तीन चतुर्थांश पैसे त्यांचे नसतातच.

आता जोडणीचा खर्च. घरातला ओएनटी बॉक्स (फायबरमधल्या प्रकाशाचे नेट करणारा) 1,400, खांबापासून घरापर्यंतची ड्रॉप केबल सात रुपये मीटरने 120 मीटर 840, कनेक्टर-क्लॅम्प 160, मजुरी 300, कनेक्शन आणणाऱ्याचे कमिशन 200. पहिला महिना फुकट दिला आणि कंपनीने आपला वाटा सोडला नाही, तर ते 200 आणि चालू खर्चाचे 80 पदरचे. बेरीज 3,180. म्हणजे प्रत्येक नव्या घरामागे 180 रुपये तोटा, आणि कनेक्शन वाढतील तसा तोटाही वाढणार. या धंद्यात साधारण अपेक्षा अशी की गिऱ्हाईकाचे मोल, म्हणजे वरचे 3,000, जोडणीखर्चाच्या तिप्पट असावे आणि खर्च वर्षभरात वसूल व्हावा. इथे वसुलीला साडेसव्वीस महिने लागतात, घर टिकते पंचवीस.

केबलची लांबी इथे फार महत्त्वाची. स्प्लिटरपासून (एका तारेचा सिग्नल अनेक घरांना वाटणारा डबा) 40 मीटरवरचे घर आणि शेताच्या वाटेवरचे 250 मीटरवरचे घर यांच्या नुसत्या केबलमध्ये 1,470 रुपयांचा फरक आहे. लांबच्या घराकडून जास्तीच्या केबलचे पैसे आधी घ्यावेत. आठ तोंडांच्या स्प्लिटरवर तीनच घरे असतील तर मुख्य केबलचा खर्चही त्या तिघांवरच पडतो, तो वरच्या बेरजेत धरलेला नाही.

दुसरी चूक सरासरीची. कापसाचा चुकारा, म्हणजे विक्रीचे पैसे, आला की डिसेंबर-जानेवारीत कनेक्शनची रीघ लागते. मे महिन्यापर्यंत गळती दिसत नाही. जूनमध्ये पैसा बियाणे-खतात जातो आणि रिचार्ज थांबतो. मार्चमध्ये काढलेला गळतीचा आकडा म्हणूनच फसवा असतो. ज्या महिन्यात कनेक्शन दिले त्या महिन्याचे वेगळे पान ठेवावे आणि त्यातली किती घरे सहाव्या, बाराव्या महिन्यात पैसे देतात ते मोजावे. जूनमध्ये थांबलेल्या कास्तकाराला लगेच ‘बंद’ धरून बॉक्स काढून आणू नये. सोयाबीन निघेपर्यंत वाट पाहावी. त्याला परत जोडायला एक फोन पुरतो, नव्या घराला 3,180 लागतात. मोजताना मात्र पैसे दिलेलेच महिने धरावेत.

उपायही चुकाऱ्याच्या वेळीच करायचा असतो. जानेवारीत सहा महिन्यांच्या पैशांत सात महिने द्यावेत, म्हणजे जुलैपर्यंतचा प्रश्न मिटतो. 2,400 मधले निम्मे कंपनीला, 560 चालू खर्च, उरतात 640. सवलतीत 200 जातात हे खरे. पण त्यामुळे गळती चारवरून दोन टक्क्यांवर आली तर वर्षातले उरलेले पाच महिने 120 प्रमाणे धरून महिन्याला सरासरी 103 रुपये पडतात आणि घर 50 महिने टिकते. मोल 5,000 च्या वर जाते. तिप्पट अजून नाही, पण तोटा थांबला. सोबत 1,000 रुपये परत करण्याजोगी अनामत घेतली तर बॉक्सही परत येतो.

सगळी गळती पैशामुळे होत नाही. ओएनटीवर सिग्नल उणे 27 डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचे माप, उणे आकडा वाढला की ताकद कमी) खाली गेला की नेट तुटत राहते आणि गिऱ्हाईक तक्रार न करता सोडतो. जोडणीच्या दिवशी सिग्नल मोजणारा मीटर लावून उणे 25 च्या आत असल्याची खात्री करावी, आकडा वहीत लिहावा. मृगाच्या विजांत काचेच्या तारेला धोका नसतो, अडॅप्टर मात्र जळतो. दोन-चार अडॅप्टर जवळ ठेवून त्याच दिवशी बदलून दिले की घर टिकते.

मुद्रा योजनेत किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळते. वरच्या हिशेबाने शंभर घरांच्या जोडणीतच 3,18,000 जातात आणि हप्ता जूनमध्येही भरावाच लागतो. बँकेच्या अधिकाऱ्यांनी प्रकल्प अहवालात अपेक्षित कनेक्शनची संख्या पाहण्याआधी मागच्या जून-जुलैची गळती आणि दर घरामागचा जोडणीखर्च मागावा. आपल्या वार्ताहरांनीही हे दोन प्रश्न जरूर विचारावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, आर्वी (जि. वर्धा)