पगार भरघोस, पण सोबत कोण?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामीण भागात भरघोस मानधन देऊ करूनही तज्ज्ञ डॉक्टर फिरकत नाहीत, ही बातमी आणि त्यावरचं आपलं संपादकीय वाचलं. शहरी सुखसोयींची चटक लागली म्हणून डॉक्टर खेड्यात जात नाहीत, असा त्याचा एकूण सूर आहे. मी भूलतज्ज्ञ आहे, माझे यजमान सर्जन. २०११ साली पुणं सोडून आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या किनवटला आलो आणि अजून इथंच आहोत. तेव्हा या विषयावर चार शब्द बोलायचा हक्क मला आहे, असं समजते.

आधी पैशाचं सांगते, कारण आमच्यात ते उघडपणे कुणी बोलत नाही. पुण्यात मी फ्रीलान्स भूल द्यायचे. स्कूटरला बॅग अडकवायची आणि सकाळी कोथरूड, दुपारी बिबवेवाडी, संध्याकाळी वाकड. केस झाली की पैसे मिळतील याची खात्री नाही. ‘मॅडम, पेशंटचा विम्याचा क्लेम अडकलाय’ या एका वाक्यावर माझी बिलं महिनोन्महिने थकायची. हे एका मोठ्या हॉस्पिटलात ज्युनिअर कन्सल्टंट होते. तिथं साधं अपेंडिक्स स्वतःच्या हाताखाली यायला मारामार. किनवटला आलो आणि वर्षभरातच मिळकत पुण्यापेक्षा वर गेली, खर्च निम्म्यावर आला. तालुक्याच्या गावात जम बसलेला सर्जन शहरातल्या ज्युनिअरपेक्षा जास्त कमावतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक असूनही कुणी येत नाही. म्हणजे गाडं पैशावर अडलेलं नाही, एवढं तरी कबूल करायला हवं.

मग सुखसोयींवर अडलंय का? पुण्यात डिसेंबरात सवाई गंधर्वची तिकिटं काढायचो आणि ख्याल रंगात आला की माझा फोन थरथरायचा. एखादं सत्र पूर्ण बसून ऐकल्याचं मला आठवत नाही. इथं घरातून ऑपरेशन थिएटरात चालत पोचते. दुपारचं जेवण गरम असतं. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा भरून वाहतो, तेव्हा पुण्याचे नातेवाईक स्वतःहून फोन करून येतात. एरवी येत नाहीत, ते सोडा. मॉल नाही, चांगलं पुस्तकांचं दुकान नाही, वीज जाते. याची सवय होते. मुलीला दहावीनंतर लातूरला ठेवावं लागलं, त्याची मात्र झाली नाही. पण तेही इथल्या प्रत्येक शिक्षकाच्या आणि तलाठ्याच्या घरात घडतं. त्याचं भांडवल आम्हीच कशाला करायचं?

सवय होत नाही ती एकटेपणाची. तेही संध्याकाळी बोलायला कुणी नसतं त्या एकटेपणाची नव्हे. कामातल्या.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. वाडीवरची कोलाम आदिवासी बाई, कळा सुरू होऊन दिवस उलटलेला, बाळ अडलेलं. गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी मला उठवलं. स्पायनल, म्हणजे पाठीतून कमरेखालची भूल दिली, बाळ काढलं, बाळ रडलं नाही. त्याच मिनिटाला आईचं बीपी घसरलं. टेबलाच्या डोक्याशी मी, बाळाच्या ट्रेजवळ एक सिस्टर. उजव्या हातानं आईला बीपी वाढवणारं मेफेन्टरमिन सोडलं आणि तशीच वळून बाळाचं तोंड सक्शन करून श्वास देणारी अँब्यू बॅग धरली. नजर मॉनिटरवर, कान बाळाकडे. डॉक्टर बाई पोट शिवता शिवता नुसत्या विचारत होत्या, ‘रडलं का हो?’ शेवटी रडलं. पण भूलतज्ज्ञानं भूल दिलेल्या पेशंटला सोडून बाळाकडे जायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या रात्री दोघांपैकी एकाचं बरंवाईट झालं असतं तर कोर्टात ‘तिथं बालरोगतज्ज्ञ नव्हता’ हे माझं उत्तर कुणी ऐकून घेतलं असतं? नांदेड इथून रस्त्यानं तीन-साडेतीन तास. आदिलाबाद जवळ, पण ते तेलंगणात.

सिझरची सोय असलेल्या ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठवणूक, हे सगळं एकत्र हवं, असे सरकारचेच निकष आहेत. ही चार पायांची बाज आहे. जाहिरात मात्र एकेका पायाची निघते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात तर ‘तुम्ही आकडा सांगा, आम्ही देतो’ अशी पद्धतही आणली गेली. आकडा सांगून एक तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ शेजारच्या जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात रुजू झाली. पगार ऐकून आम्हीही भुवया उंचावल्या. पण तिथं भूलतज्ज्ञ नव्हता. दूरच्या गावाहून बोलावायचा, आला तर आला. रक्त आणायला नातेवाइकाला जीप करून पाठवायचं. जरा अवघड केस आली की रेफर, म्हणजे मोठ्या रुग्णालयात रवानगी. आठ-नऊ वर्षं रात्रंदिवस शिकलेली मुलगी दिवसभर रेफरच्या चिठ्ठ्या लिहायला लागली. वर गावातले म्हणायला मोकळे, एवढा पगार घेते आणि करते काय? वर्ष पुरं व्हायच्या आत ती गेली. आता ती छत्रपती संभाजीनगरात पूर्वीच्या निम्म्या पगारावर काम करते आणि खूश आहे. तिला सुखसोयींची चटक लागली असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

अशा वेळी हेमलकसा आणि शोधग्रामचं उदाहरण हमखास आमच्या तोंडावर मारलं जातं. त्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. पण एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. डॉ. प्रकाश आमटे भामरागडच्या जंगलात हेमलकशाला राहिले ते डॉ. मंदाकिनीताईंसोबत, आणि त्या भूलतज्ज्ञ! गडचिरोलीत शोधग्रामला डॉ. अभय बंग फिजिशियन तर डॉ. राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. जामखेडला १९७० साली काम सुरू केलं ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दोघांनी. मेळघाटात बैरागडला कोल्हे पतिपत्नी. यातलं कुणीही फार काळ एकटं नव्हतं. आम्ही किनवटला टिकलो त्यामागे त्याग वगैरे काही नाही. सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकाच घरात आहेत, एवढंच. तरीही गेल्या कित्येक वर्षांत आम्ही दोघं मिळून गावाबाहेर चार दिवस राहिलेलो नाही. मी नाशिकला लग्नाला गेले की यांच्या शस्त्रक्रिया बंद. हे गेले की मी नुसती सिझरपुरती.

बाँडचा धाक आहेच. राज्यातल्या सरकारी महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर वर्षभर सरकारी सेवा नाही केली तर दहा लाख दंड, पदव्युत्तरला पन्नास लाख, असा नियम अनेक वर्षं राहिला. त्यातून माणूस वर्षभर येतो, कॅलेंडरवर फुल्या मारतो आणि जातो. २०१० च्या कायद्यानं डॉक्टरवरच्या हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण रात्री ओपीडीत एकटं असताना जमाव समोर उभा राहिला की कायद्याचं पुस्तक दाखवता येत नाही. सोबत दुसरा डॉक्टर असला तर तो निदान फोन लावतो, नातेवाइकांना बाजूला घेऊन समजावतो.

माझा एक बॅचमेट ऑस्ट्रेलियात दूरच्या छोट्या गावात भूल देतो. पगार शहरापेक्षा जास्त, ते तिथंही आहेच. पण तो रजेवर गेला की बदली डॉक्टर मिळवून द्यायला केंद्र सरकारची योजना आहे, त्यात भूलतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोन्ही येतात. तो दरवर्षी निर्धास्त रजा घेतो. मला त्याच्या पगाराचा हेवा वाटत नाही, त्या रजेचा वाटतो.

हे आपल्याकडे अशक्य का असावं? नांदेड, लातूर, अंबाजोगाई इथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या भूल, बालरोग आणि स्त्रीरोग विभागांतून पाळीपाळीनं पंधरा-पंधरा दिवस माणसं तालुक्याला पाठवता येतील. नेमणुका एकेकट्या न करता तिघांच्या गटानं कराव्यात. नवराबायको दोघं डॉक्टर असतील तर दोघांना एकाच ठिकाणी घ्यावं. आत्ता त्यातला एक मेळघाटातल्या धारणीला आणि एक पार कर्नाटक सीमेजवळच्या उमरग्याला गेला तरी कुणाला काही वाटत नाही. दोन-तीन वर्षं काढली की पुढची नेमणूक कुठं, हे रुजू होतानाच लिहून द्यावं. यातल्या कशालाही पगार वाढवावा लागत नाही.

तोवर निदान जाहिरात तरी नीट छापावी. मानधनाच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने असावेत. सोबत कोणते तज्ज्ञ हजर आहेत, रक्तसाठवणूक चालू आहे का, रजेच्या काळात बदली कोण. माझी भाची यंदा भूलशास्त्रात एमडी होते आहे. किनवटचं विचारायला तिनं फोन केला, तेव्हा पगाराचा विषय तिनं सगळ्यात शेवटी काढला.

पत्राखाली माझं नाव छापू नये, ही विनंती. गावात भूलतज्ज्ञ मोजकेच असल्यानं ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

आपली,
एक भूलतज्ज्ञ
किनवट, जि. नांदेड