डीएमएक्सचा रोखीचा कारभार

महोदय,

रॅपर डीएमएक्सचे नाव निघाले की बोलणे त्याच्या व्यसनापाशीच अडते. न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये वाढलेल्या अर्ल सिमन्सने हे नाव घेतले ते एका ड्रम मशीनवरून. सुरुवात तोंडाने ताल धरण्यापासून. १९९८ च्या मे आणि डिसेंबरमध्ये दोन अल्बम आले, दोन्ही अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर. पैसा होता, हिशेब नव्हता. रॉयल्टी व्यवस्थापकांच्या खात्यात वळवायची, स्वतःचे खाते टाळायचे, खर्च सगळा रोखीने. अशाने सुमारे १७ लाख डॉलर कर थकला आणि २०१८ मध्ये वर्षभराची कैद झाली. शिक्षेच्या सुनावणीत वकिलाने न्यायाधीशांना त्याचेच गाणे ऐकवले! (युक्तिवाद तोकडा पडला असावा.) ९ एप्रिल २०२१ रोजी तो गेला, तेव्हा वय अवघे ५०.

– एक वाचक, डोंबिवली