२५ शब्दांची पत्रे

लंडन, ७ डिसेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये परक्यांच्या घरी वाढलेली ज्यू मुले तिथे रुळली कशी, हा तुझा प्रश्न घेऊन मी परवा लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाबाहेरच्या या मुलांच्या शिल्पापाशी थांबलो होतो. सामानासह उभी असलेली ही मुले घडवणारे फ्रँक माइस्लर स्वतः लहानपणी डान्झिगहून (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) असेच आले होते.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, जाळली गेल्यावर ब्रिटनने सतरा वर्षांखालील मुलांना प्रवेश दिला, पण आईवडिलांना वगळून. अशी सुमारे १०,००० मुले आली. ज्यांचे घर ठरलेले नव्हते त्यांना हार्विचजवळ डोव्हरकोर्टच्या सुट्टीच्या छावणीत, उन्हाळ्यासाठी बांधलेल्या खोल्यांत, ऐन थंडीत ठेवले. तिथे इच्छुक कुटुंबे येऊन मुले पसंत करीत. लहान, गोंडस मुली लवकर जात आणि थोरले मुलगे मागे राहत, हे वाचताना मला आपल्याकडचे मुलगी पाहण्याचे कार्यक्रम आठवले.

घरे बहुधा ख्रिस्ती होती. माणसे मायाळू असली तरी न्याहारीला बेकन, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले डुकराचे मांस, आणि रविवारी चर्च असे, आणि नको म्हणावे तर आपण उपकार विसरलो असे मुलालाच वाटे. काही घरांनी मोठ्या मुलींना सरळ मोलकरणीसारखे राबवले. १९४० मध्ये तर सोळा वर्षांवरच्या कित्येकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटकेत टाकले. ज्यांच्यापासून जीव वाचवून आलो त्यांच्यातच आपली गणना व्हावी, याला काय म्हणावे?

पण मला सर्वांत जास्त छळतो तो भाषेचा भाग. रस्त्यात जर्मन बोलणे धोक्याचे असल्याने धाकटी मुले काही महिन्यांत इंग्रजी झाली. युद्ध पेटल्यावर आईवडिलांशी नेहमीचा टपाल व्यवहार तुटला आणि रेड क्रॉसचा निरोप तेवढा उरला: एका बाजूला जास्तीत जास्त २५ शब्द, उत्तर मागच्या बाजूला, तेही महिन्यांनी. अनेकांच्या बाबतीत १९४२ नंतर उत्तरच आले नाही. ज्या थोड्यांचे आईवडील वाचले, त्यांच्यापैकी काहींना भेटीच्या वेळी आईशी बोलायला दुभाष्या लागला.

काल मी माझ्या आईला २५ शब्दांत पत्र लिहून पाहिले. प्रकृतीची चौकशी आणि जेवणाची हकिकत यांतच ते संपले.

तुझा स्नेहांकित