सोनूला, डब्याबरोबर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपण तिसऱ्या वाक्यालाच भांडायला लागतो, म्हणून आईच्या डब्यात ही चिठ्ठी घालतोय. चकल्या आधी खा, मग वाच.

परवा तू म्हणालीस, माझ्या यूट्यूब चॅनलला हजार सबस्क्राइबर विकत मिळतात, घेऊन टाकू का? मी ओरडलो. ओरडायला नको होतं. पण दुकान बंद केल्यावर हिशेबाची वही घेऊन बसलो. तूच सांगितलेला नियम: हजार सबस्क्राइबर आणि वर्षभरात 4000 तास लोकांनी बघितलेलं हवं, मग जाहिरातींचा वाटा सुरू. 4000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तरी व्हिडिओ 80,000 वेळा उघडला जायला हवा. ती विकतची हजार नावं त्यातलं एक मिनिटसुद्धा बघणार नाहीत. शिवाय यूट्यूब असली खोटी नावं काढून टाकतं आणि पैसे सुरू करण्याआधी चॅनल तपासतं. शॉर्ट्सच्या फीडमधली मिनिटंही या 4000 तासांत धरत नाहीत.

आणि हा उद्योग मी करून बसलोय. स्टीलनं बाजार खाल्ला तेव्हा मी तांब्याच्या पातळ पत्र्याचे, पाणी तापवायचे बंब करायला घेतले. वरून पॉलिश मारलं की कुणाला कळत नाही. त्या दिवाळीला विकले तेवढे बंब मी आयुष्यात कधी विकले नव्हते. दोन वर्षांत बुडं गळायला लागली. एक आजी बंब रिक्षात घालून आल्या, ओट्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेल्या. तुझ्या आजोबांनी तो बंब मुद्दाम माझ्या समोरच्या कोपऱ्यात ठेवला होता. तू त्यात मांजा आणि गोट्या ठेवायचीस, तोच तो.

आता तुझ्या कल्हईच्या व्हिडिओबद्दल. लोक कुठपर्यंत बघत थांबतात, तो आलेख गेल्या रविवारी तू मला दाखवलास. पहिल्याच अर्ध्या मिनिटात रेष जिना उतरल्यासारखी खाली येते. येणारच! आधी शनिवारवाडा, मग तुझं नाव फिरत फिरत येतं, मग ‘नमस्कार मंडळी’, मग ‘सबस्क्राइब करा’. अगं, दुकानात पाऊल टाकायच्या आत कुणी ‘पुन्हा या’ म्हणतं का? आणि पुढे एका जागी तीच रेष एकदम वर उचलली जाते. तिथं लोक मागे नेऊन पुन्हा बघतात, असं तूच म्हणालीस. ती जागा कुठली? तापलेल्या पातेल्यात नवसागर पडतो, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकते आणि कापसाचा बोळा फिरला की लाल तांबं डोळ्यादेखत चांदीसारखं होतं. हे तू सातव्या मिनिटाला ठेवलंयस. पहिल्या दहा सेकंदांत आण. भट्टी, घासणं, बाकी सगळं मागून सांग.

आणि ते संगीत काढ. राग धरू नकोस, पण मठाराच्या, म्हणजे भांड्यावर पडणाऱ्या हातोडीच्या ठोक्यांच्या, आवाजावर बासरी कशाला? ऐरणीवर पत्रा नीट टेकला नसला की ठोका बद्द वाजतो. आम्ही भांडं न बघता नुसत्या आवाजावरून ओळखतो. तांबट आळीची तीच तर गंमत. ती तू पुसून टाकलीस.

नावाचंही सांगतो. ‘पुण्याची हरवत चाललेली कला’ असं तू लिहिलंस. आम्ही अजून हरवलो नाही, दहा वाजता दुकान उघडतो. पण ते सोड. इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं मला कला विचारली नाही. विचारतात ते असं: आमटी कळकली, भांड्याची चव उतरली, आता काय करू? कल्हई किती दिवसांनी करायची? तारेच्या घासणीनं घासलं तर चालेल का? याचीच नावं दे. आतून तांब्याचा लाल रंग दिसायला लागला की कल्हई गेली समजायचं. तारेची घासणी अजिबात नको. रिकामं भांडं गॅसवर तापवायचं नाही, कारण कथील 232 अंशालाच वितळतं. हे एवढं तीन मिनिटांत सांगितलंस तरी माणूस शेवटपर्यंत बसेल, आणि पुढच्या वेळी अडलं की परत तुझ्याकडेच येईल.

हिंदीत करायचं की मराठीत, ते तू ठरव. मला विचारशील तर ‘कळकणं’ला हिंदीत काय म्हणतात मला माहीत नाही.

हो, त्या व्हिडिओखाली कुणी विचारलंय की पितळेच्या कढईला कल्हई चालते का. तीन आठवडे झाले. चालते, म्हणून आजच लिही. दुकानात कुणी असं उभं राहिलं असतं तर तू पाणी तरी विचारलं असतंस.

रविवारी साताऱ्याच्या एक बाई तीन पातेली घेऊन येतायत. त्यातलं एक आत अगदी लाल पडलंय, तुझ्या कॅमेऱ्याला बरं आहे. भट्टी आठला पेटवीन. शनिवारी रात्रीच ये, आई पुरण घालणार आहे. येताना तो माईकचा केसाळ बोंडूक आण, भात्याचा वारा लागतो.

तुझा,
बाबा